मोठा लेथ येईपर्यंत

९ फेब्रुवारी. सकाळी बर्फ.

देव्हाऱ्यासमोर पाठ चालू असतानाच निश्चय झाला, हे मी शुभसूचक मानतो. मोठा लेथ घ्यावयाचा.

कारणे आजच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याच मनाने यास हौस म्हणू नये. यंदा नोव्हेंबरात आमच्या पंथाच्या संस्थापक आचार्यांच्या पुण्यतिथीची पंगत आमच्या घरी आहे. वाडीतील सारी घरे येतील, पाठ मी सांगेन आणि मित्सुए नेहमीप्रमाणे अझुकीच्या लाल दाण्यांचे गोड कढण करील. ते कढण मी स्वहस्ते कातलेल्या, साठ सेंटीमीटर रुंदीच्या काठवटीतून वाढले जावे, असा संकल्प आहे. मठाच्या अंगणातला जुना केयाकी वृक्ष वादळात पडला तेव्हा त्याच्या बुंध्याचा एक जाड तुकडा मला मिळाला. तो मागच्या शेडमध्ये वाळून तयार आहे. वृक्ष सिद्ध, चित्त सिद्ध. लेथ तेवढा लहान. त्यावर तीस सेंटीमीटरच्या पुढे काही फिरत नाही.

आयुष्यभर शाळेत प्राचीन चिनी ग्रंथ शिकविले. निवृत्तीनंतर लाकूड कातू लागलो ते आसक्तीने नव्हे. फिरणाऱ्या लाकडासमोर बसले असता अनित्यतेचे चिंतन सुलभ होते म्हणून. मोठ्या लेथसमोर ते अधिक सुलभ होईल.

सायंकाळी. मित्सुएच्या हातून साराचा वाडगा पडला. थंडीमुळे असावे. जमीन पुसता पुसता म्हणाली, अहो, हा वाडगा आताशा जड होतो मला. फळीवर तोचीच्या लाकडाचे कच्चे वाडगे वाळताहेत ना, त्यातला एक माझ्यासाठी कातून द्या. कड पातळ करा, आणि बूड जरा उंच ठेवा, म्हणजे खालून बोटं अडकवता येतील.

मी म्हटले, अवश्य. मोठा लेथ आला की पहिले काम तेच.

एवढ्या मोठ्या संकल्पाच्या दिवशी वाडग्याचा विषय काढणे तिलाच सुचावे.

१३ फेब्रुवारी.

कॅटलॉग आले. नियम करतो : कॅटलॉग केवळ रविवारी, पाठ संपल्यावरच पाहावयाचे. तृष्णेस दार उघडून द्यावयाचे नाही.

१४ फेब्रुवारी.

आज रविवार नाही. तथापि पाहिल्याशिवाय तृष्णेचे स्वरूप कसे कळणार?

पहिला लेथ आपल्याच गावचा. खालच्या आळीतील एका कातार्‍याने दुकान बंद केले, त्याचा. बैठा, ओतीव लोखंडाचा, दोन्ही दिशांनी फिरणारा, आपल्याकडील पद्धतीचा. माझ्या आकडेदार पटाश्या त्यावर जशाच्या तशा चालतील. परंतु पंचेचाळीसपर्यंतच. पंधरा सेंटीमीटरसाठी संकल्पाशी तडजोड करणे मला मान्य नाही.

दुसरा तैवानचा. पन्नासचा. आटोपशीर, वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारा.

तिसरा परदेशी. पासष्टपर्यंत. तीन हॉर्सपॉवर, वजन जवळजवळ अर्धा टन. वजन हेच त्याचे शील. साठ सेंटीमीटरचा ओला-सुका तुकडा गरगरू लागला की हलका लेथ थरथरत स्वतःच खोलीभर चालू लागतो. हा तसूभर हलणार नाही. स्थिरचित्त पुरुषाचे वर्णन ग्रंथांत असेच येते.

२ मार्च.

कामिदे चहाला आला. शेजारी. पोस्टातून निवृत्त. कातकाम मी शिकविले हे तो सोयीस्करपणे विसरतो. कॅटलॉग चाळून म्हणाला, गुरुजी, डोळे मिटून तैवानचा घ्या. तुमच्या शेडला आणि तुमच्या कमरेला तोच झेपेल.

यावरून तैवानचा नको हे निश्चित झाले.

तो गेल्यावर शेगडीवरच्या फळीकडे पाहिले. कच्च्या वाडग्यांत एक कमी. हे वाडगे मागल्या शरदात मी अर्धवट कातून ठेवले आहेत. सावकाश वाळल्यावरच अखेरचे कातावयाचे असतात, नाहीतर वाकडे होतात. मित्सुए दर आठवड्यास त्यांची बाजू फिरवून ठेवते, म्हणजे उष्णता सर्वत्र सारखी लागते. गेलेला वाडगा सर्वांत चांगला होता. कोणाविषयी संशय घेणे अधर्म आहे. परंतु कामिदेचा कोट फुगलेला होता.

२० मार्च. वसंतातील संपाताचा पर्वदिन.

पहाटेच्या गाडीने मित्सुएसह क्योतोस गेलो. मूळ मठाचे दर्शन घ्यावे, अशी तिची पुष्कळ वर्षांची इच्छा. मीच म्हटले, चल. तिसरा लेथ ज्या विक्रेत्याकडे आहे त्याचे गोदामही क्योतोसच आहे, हा निव्वळ योग.

निघताना तिने कोटाच्या गुंड्या लावण्यास फार वेळ घेतला. शेवटी मीच लावल्या. पर्वदिनी स्त्रियांना नटण्यास वेळ लागतोच.

गोदामात शिओया नावाचा विक्रेता भेटला. बोलघेवडा, पण भाविक. मी लेथवर हात ठेवला तेव्हा म्हणाला, गुरुजी, हा लेथ तुमच्याकडे यायचाच होता, मी फक्त मधला हमाल. जागा किती लागते असे विचारले. म्हणाला, साडेचार चटया अंथरता येतील एवढी खोली असली की झालं. माझी शेड नेमकी साडेचार चटयांची आहे. अशी गाठ मनुष्याच्या योजनेने पडत नाही. मी तेथेच नमस्कार केला.

लेथच्या वेगाची, दांड्याच्या जाडीची, थ्री-फेज विजेची चर्चा लांबली. मित्सुए कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. शिओयाने दिलेला चहा तिने तोंडाला लावला नाही. कप बशीवर वाजत होता म्हणून खाली ठेवला, असे म्हणाली. तिला यंत्रांत रस नाही.

मठात पोहोचलो तेव्हा परतीच्या गाडीस थोडाच अवकाश होता. महाद्वाराच्या उंबऱ्याशी मित्सुए थांबली ती हलेना. पाऊल जणू जमिनीस चिकटले होते. डोळे आत, दिव्यांकडे. इतकी वर्षे संसार केला, पण तिची श्रद्धा एवढी गाढ आहे हे आजच कळले. मी सद्गदित झालो. मग गाडीची वेळ झाली म्हणून तिला हात धरून तेथूनच मागे फिरविले. आत जाणे राहिले. पुन्हा येऊ.

गाडीत म्हणाली, दुरून दिवे दिसले ना, तेवढं पुरे.

५ एप्रिल. चेरी उमलली.

लेथची मागणी नोंदविली. सप्टेंबरात येईल. काठवटीस पुष्कळ अवधी.

जुना लेथ शेडमध्ये असता नव्याची तयारी करता येणार नाही, म्हणून तो कामिदेस देऊन टाकला. दान करावे ते पात्रापात्र न पाहता.

तो हातगाडी घेऊन आला. म्हणाला, गुरुजी, नवा दारात येऊ दे की. तोवर हातपाय बांधून बसणार का? मी म्हटले, मन रिकामे करावयाचे तर आधी जागा रिकामी करावी लागते. तो म्हणाला, बरं बुवा, माझी जागा भरली.

मित्सुए ओट्याशी होती. तिने हात पुसत पुसत विचारले, अहो, लेथ न्यायच्या आधी माझा वाडगा तेवढा कातला असतात तर? मी समजावून सांगितले : जाणाऱ्या यंत्रावर घाईचे काम करू नये. मोठ्या लेथवर लहान वाडगासुद्धा अधिक निर्दोष होईल. तिने ऐकून घेतले. लेथ हातगाडीवर चढविताना ती दारापर्यंत आली आणि त्या जुन्या लोखंडास वाकून नमस्कार केला. वाकल्यावर पुन्हा सरळ होण्यास तिला वेळ लागला.

११ मे.

शेडमधील मित्सुएची लोणच्यांची पिंपे व दगड बाहेर काढले. तिला विचारले तेव्हा म्हणाली, काढा की. यंदा उमेची फळं मुरवणार नाही मी. झाकणंच उघडत नाहीत माझ्याच्यानं. जागेचा प्रश्न अनायासे सुटला.

बाजारातून आणावयाच्या वस्तू तिने लिहून दिल्या. अक्षर इतके बारीक की चष्म्याखालीही लागेना. कागदाची काटकसर म्हणून ठीक, पण दुकानात माझी पंचाईत झाली.

अलीकडे ती प्रत्येक उंबऱ्याशी थबकते. क्योतोच्या दर्शनाचा परिणाम. नम्रता वाढली आहे.

१८ जून. पाऊस.

आमची मुलगी चिसातो नागोयाहून आली आणि आईला कानाझावाच्या इस्पितळात घेऊन गेली. मीही जाणार होतो. परंतु शेडच्या जमिनीत काँक्रीट ओतावयाचे ते आजच. अर्ध्या टनाखाली लाकडी जमीन टिकत नाही. नवी जमीन आधीच्यापेक्षा वीतभर उंच झाली. भक्कम.

सायंकाळी दोघी परतल्या. डॉक्टरांनी मित्सुएच्या थरथरीस एक लांबलचक परदेशी नाव दिले आहे. हळूहळू वाढत जाणारा आजार, असे म्हणाले म्हणे. मी म्हटले, नाम आणि वस्तू भिन्न आहेत हे आपले शास्त्र सांगते. नाव ठेवल्याने काय सिद्ध झाले? चिसातो म्हणाली, गोळ्या सिद्ध झाल्या, बाबा. दिवसातून तीनदा, जेवणाआधी. तेवढं बघा, बाकीचं शास्त्र राहू द्या.

मुलगी कार्यालयात राहून रुक्ष झाली आहे.

मित्सुएने मात्र आल्या आल्या विचारले, काँक्रीट नीट बसलं का हो?

१९ जून.

संकल्प : गोळ्यांच्या वेळा पाठाच्या वेळांस जोडून घ्यावयाच्या. म्हणजे विस्मरण अशक्य.

२३ जून.

पाठ लांबला.

८ जुलै.

विजेचा मनुष्य आला. थ्री-फेजची जोडणी पुढील महिन्यात. यंत्र जहाजावर चढले, असे शिओयाने फोनवर सांगितले. समुद्र ओलांडून माझ्याकडे काहीतरी येत आहे, ही भावना गंभीर करणारी आहे.

कामिदे कुंपणावरून म्हणाला, गुरुजी, वहिनी काल सार भांड्यातून पीत होत्या, भांडं ओट्यावर टेकवून. मी खिडकीतून बघितलं. तुमचा लेथ मी काही चंद्रावर नेलेला नाही, इथं आहे, या आणि वाडगा कातून जा. मी नम्रपणे नकार दिला. दान केलेल्या वस्तूचा पुन्हा उपभोग घेतला की दानाचे पुण्य उणे होते. शिवाय कोणता वाडगा? उत्कृष्ट होता तो नाहीसा झाला आहे, आणि कोठे गेला हे कामिदेस ठाऊक असावे. यावर मी काही बोललो नाही. क्षांती, म्हणजे सहन करणे, हीही एक साधना आहे.

१४ ऑगस्ट. असह्य उकाडा.

चिसातो सुट्टीवर. येताना आईसाठी दोन कानांचा प्लास्टिकचा वाडगा घेऊन आली. पोपटी रंग. ज्या गावात शेकडो वर्षे लाकूड कातले जाते, त्या गावात, माझ्या घरात. मी ते बोलून दाखविले.

ती म्हणाली, बाबा, फेब्रुवारीपासून आई एक वाडगा मागतेय. एक. मी म्हटले, महिनाभर थांब. मोठा लेथ येतो आहे. ती म्हणाली, साठ सेंटीमीटरच्या काठवटीतून सार पिणार आहे का आई? पोहायला जाणार आहे त्यात?

मित्सुए हसली. ठसका लागेपर्यंत हसली. चेहऱ्यावर हसू आताशा पूर्ण उमटत नाही, डोळ्यांपुरतेच असते, परंतु हसली. मग चिसातोला म्हणाली, असू दे गं. ह्यांच्या मनात पंगत आहे. मलाही बघायची आहे ती काठवट. लाल कढण त्यात कसं दिसेल.

ती माझ्या बाजूने बोलली हे येथे नोंदवून ठेवतो.

तिने प्लास्टिकच्या वाडग्यातून पूर्ण सार घेतले. काही सांडले नाही. हा योगायोग.

२१ सप्टेंबर. स्वच्छ ऊन.

आला.

२१ सप्टेंबर. दुपार.

क्रेनचा ट्रक आमच्या बोळात आला. वाडी जमली. यंत्र पेटीतून निघाले. करड्या रंगाचे, घोड्याच्या पाठीसारखे. मी धूप लावला.

मग शेडपाशी नेले.

शिओयाने साडेचार चटया म्हटले ते खरे. माझी शेड साडेचार चटयांची, हेही खरे. परंतु त्याच्या चटया क्योतोच्या आणि माझी शेड हल्लीच्या घरबांधणी कंपनीची. क्योतोची चटई लांबीरुंदीने ऐसपैस, या कंपन्यांची आखूड. दोन्हींचे नाव एकच. भिंतीपासून भिंतीपर्यंत माझ्या साडेचारात त्याचे पावणेचारसुद्धा मावत नाहीत. लेथ आत बसतो. मी बसत नाही.

कामिदे म्हणाला, गुरुजी, लेथ आत ठेवा. तुम्ही खिडकीतून हात घालून काता.

सारे हसले. मीही हसलो. समचित्तता.

लेथ अंगणात ठेवून निळी ताडपत्री बांधली. शेडची एक भिंत पाडून वाढवावयाची. सुतारास निरोप पाठविला आहे. अडचण अशी काही नाही.

मित्सुए ओसरीत खुर्चीवर बसून सारे पाहत होती. म्हणाली, केवढं देखणं आहे हो. मला वाटलं होतं, नुसतं लोखंड असेल.

३ ऑक्टोबर.

सुतार म्हणतो, वादळात गेलेली छपरे आधी. नंतर बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोर बांधण्याची कामे. भिंत वसंतात.

उपाय : अंगणातच तात्पुरते छप्पर टाकून काठवट कातावयाची. वीज शेडपर्यंत आहेच, तार लांबविता येईल. पंगतीस अजून अवधी आहे. उद्या सकाळी शेडची मापे पुन्हा घेतो.

४ ऑक्टोबर.

मी शेडमध्ये मापे घेत होतो. मित्सुए चहा घेऊन आली. तिला कोणी सांगितले नव्हते. दाराशी ती नेहमीप्रमाणे थांबली, मी आतून म्हटले, ये ना, थांबलीस काय. नवी जमीन वीतभर उंच आहे हे तिला ठाऊक होते. मी जूनमध्येच सांगितले होते.

५ ऑक्टोबर.

मांडीचे हाड.

९ ऑक्टोबर.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, असे डॉक्टर म्हणतात. मित्सुए शुद्धीवर आल्यावर म्हणाली, कप फुटला का हो? तुमचा निळा होता. मी म्हटले, नाही फुटला.

फुटला होता.

२७ ऑक्टोबर.

इस्पितळातून नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात हलविले. तात्पुरते. तेथे उंबरे नाहीत, सर्व जमीन एकसारखी. चिसातोने सारी व्यवस्था केली. म्हणाली, बाबा, आता घरी एकट्यानं नाही व्हायचं तुमच्याच्यानं. मी म्हटले, वसंतात ती घरी येईल, तोवर भिंतही होईल. चिसातो खिडकीतून नदीकडे पाहत राहिली.

तेथे मित्सुएला सार घट्ट करून चमच्याने देतात, घशात अडकू नये म्हणून. पेल्यास झाकण आहे. प्लास्टिकचे, फिकट गुलाबी. झाकण मीच घट्ट बसविले.

घरी सकाळी देव्हाऱ्यात भात ठेवावयाचा असतो. तो आजवर तीच ठेवीत असे, मी पाठ म्हणत असे. भात किती पाण्यात शिजतो हे कोणत्याही ग्रंथात नाही. आज खीर झाली. अमिताभ बुद्धांनी गोड मानून घ्यावी.

१६ नोव्हेंबर. गारठा.

आचार्यांची पुण्यतिथी. पंगत कामिदेकडे झाली. पाठ मीच सांगितला. एक ओळ गळली. कोणाच्या ध्यानात आले नसावे.

कढण बाजारच्या डब्यातले होते, फार गोड. स्टीलच्या पातेल्यातून वाढले. सर्वांनी स्तुती केली. मीही केली.

कामिदेच्या पत्नीने एक डबा भरून दिला, वहिनींना द्या म्हणून. शुश्रूषागृहात अझुकीचे साल चालत नाही. हे मी तिला सांगितले नाही. डबा घेतला.

२० नोव्हेंबर.

मित्सुएची लोकरीची शाल शोधत होतो. तिच्या कपाटाच्या तळाच्या खणात हिवाळ्याच्या कपड्यांखाली पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेले काहीतरी लागले.

तोचीचा कच्चा वाडगा. तो सर्वांत चांगला.

फळीवरचे बाकीचे पाहिले. जूनपासून त्यांची बाजू कोणी फिरविली नव्हती. सारे वाकलेले, दोन तडकलेले. हा एकटा सरळ. पंच्यात दर आठवड्याला बाजू बदलल्याच्या घड्या दिसत होत्या. कोठून एवढा जोर आणीत असे कोण जाणे.

कामिदेविषयीचा संशय मागे घेतो.

२१ नोव्हेंबर.

ताडपत्री सोडून मोठ्या लेथकडे पाहिले. तार अंगणापर्यंत आली नाही, छप्पर नाही. पुन्हा बांधली.

दुपारी वाडगा घेऊन कामिदेकडे गेलो. म्हटले, दानाविषयी आमच्या परंपरेत एक अपवाद आहे. तो म्हणाला, असणारच गुरुजी, तुमच्या परंपरेत नाही असं काय आहे? या, बसा. पट्टा जरा सैल आहे, तुमच्याच वेळेपासून. मग चहा टाकतो म्हणून आत गेला, आणि चहा घेऊन फार उशिरा आला.

जुन्या लेथसमोर बसलो. गुडघ्यांना उंची ठाऊक होती. कड पातळ केली. बूड उंच ठेवले, आतून खोबण केली, बोटे अडकतील अशी. तोची हलके लाकूड. पातळ होता होता दिव्यासमोर धरले की उजेड दिसू लागतो.

दिवेलागणीपूर्वी झाला.

अनित्यतेचे चिंतन झाले नाही. सवड मिळाली नाही.

१० डिसेंबर.

लाखेचे हात पुसून पुसून दिले, लाख दमट हवेतच वाळते म्हणून दमट पेटीत वाळविला. लाल नाही, साधाच. लाकडाच्या रेषा दिसतात. उद्या नेतो. नित्यपाठ पहाटेच उरकावयाचा. गोळ्यांची वेळही तेथील परिचारिकेस विचारून घ्यावयाची, म्हणजे वसंतात घरी आल्यावर गोंधळ नको.

११ डिसेंबर. बर्फ.

शुश्रूषागृहातील मुलगी विनयशील. म्हणाली, आजोबा, किती सुंदर आहे. पण बाहेरची भांडी स्वयंपाकघरात घेता येत नाहीत, यंत्रात फार गरम पाण्यानं धुतो आम्ही, लाख जाईल. आणि आजी आता वाडग्यातून घेत नाहीत ना. बघायला असू दे हं त्यांच्याजवळ.

मित्सुएच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ती नुसती पाहत होती. मग डावा हात सावकाश निघाला आणि बोटे आपोआप बुडाखाली गेली, खोबणीत. उचलला. रिकामाच. हात थरथरत होता, वाडगाही थरथरत होता, पण निसटला नाही. तोंडाशी नेला आणि सार घेतल्यासारखा तिरका केला. नंतर कडेवरून अंगठा फिरविला, एकदा पूर्ण.

तिचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की कान जवळ न्यावा लागतो. म्हणाली, नव्या मशीनवर केलात ना? लगेच कळतं. मी म्हटले, होय. म्हणाली, चांगलं चालतं का हो? मी म्हटले, उत्तम. जराही थरथर नाही. म्हणाली, मग पुढच्या पंगतीला काठवट होईल. मी म्हटले, होईल. कढण तू करशील ना? यावर तिने डोळे मिटले. हसली असावी. डोळे मिटलेले असले की आता कळत नाही.

निघताना वाडगा माझ्याकडे सरकविला. घरी न्या. इथं हरवेल. तुम्ही जेवत जा त्यात. तुमचा मोठा जड आहे.

सायंकाळ. ताडपत्रीवर बर्फ साचले आहे. उद्या झाडतो. वसंतात भिंत.

आज सार तिच्या वाडग्यातून घेतले. खरोखरच हलका आहे. बोटे नीट अडकतात. तरी कसे कोण जाणे, निम्मे सार शर्टावर सांडले. हात थरथरला. थंडीमुळे असावे.